पेट्यांतून आलेला राजवाडा

तैपेईच्या लाल मेट्रो मार्गावर शिलिन स्टेशनला उतरायचे आणि बाहेर येऊन ‘लाल ३०’ ही बस धरायची. डोंगराच्या कुशीतल्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयाच्या दाराशी ती नेऊन सोडते. हिरवट कौलांची, फिकट पिवळ्या भिंतींची ही इमारत दुरून शेकडो वर्षांची वाटते. प्रत्यक्षात ती १९६५ची. पहिला चकवा इथेच बसतो.

आत गर्दी खूप, तरी गलका नाही. गटाने फिरणाऱ्यांच्या कानांत हेडफोन असतात. मार्गदर्शक गळ्यातल्या माइकमध्ये कुजबुजल्यासारखे बोलतात आणि वीस माना एकदम वळतात. हे बोलणे न ऐकता दालने पालथी घालणे म्हणजे कीर्तनाला जाऊन नुसता प्रसाद घेऊन परतणे.

सर्वांत लांब रांग कोबीसाठी. जेडच्या एकाच तुकड्यातून कोरलेला हा कोबी जेमतेम १८.७ सेंटिमीटर उंच आहे. दगड अर्धा पांढरा, अर्धा हिरवा, त्यात भेगाही होत्या. कारागिराने पांढऱ्याचे देठ केले, हिरव्याची पाने, आणि भेगा पानांच्या शिरांत जिरवल्या. वर दोन कीटक बसवले. कोबी म्हणजे शुचिता, कीटक म्हणजे पोराबाळांनी भरलेले घर, असा अर्थ मार्गदर्शक उलगडतात. गुआंगशू सम्राटाच्या जिन नावाच्या राणीच्या महालात तो होता. तिच्याबरोबर आंदणात आला असावा, असा तर्क आहे. गंमत आहे खरी, पण एवढ्या रांगेची नाही.

या कोबीपेक्षा तो इथवर कसा पोहोचला, ही हकिकत अधिक ऐकण्याजोगी.

१९२४मध्ये शेवटचा सम्राट पुयी याला बीजिंगच्या राजवाड्यातून बाहेर काढले आणि १० ऑक्टोबर १९२५ला तो राजवाडाच संग्रहालय म्हणून जनतेला खुला झाला. पुढे जपानने मांचुरिया घेतला, तेव्हा बीजिंगही फार दूर नाही हे कळून चुकले. बांधाबांध सुरू झाली. पण राजवाड्यातल्या विद्वानांना चिनी मातीची भांडी गुंडाळायचा अनुभव कुठला? मग शहरातल्या लिउलिचांग बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडून कापूस आणि पेंढा भरण्याची विद्या शिकून घेतली. फेब्रुवारी १९३३पासून राजवाड्यातल्या आणि इतर काही संस्थांच्या मिळून १९,५५७ पेट्या रेल्वेने दक्षिणेकडे निघाल्या.

आधी शांघाय, नंतर नानजिंग. १९३७मध्ये युद्ध पेटल्यावर तीन वाटा फुटल्या. सर्वांत आधी निघाल्या ८० पेट्या. लंडनच्या १९३५-३६च्या प्रदर्शनात मिरवून आलेल्या वस्तू त्यांत होत्या. त्या चांगशाच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयात ठेवल्या होत्या. १९३८च्या आरंभी तिथून हलवल्या आणि एप्रिलमध्ये त्या ग्रंथालयावर बॉम्ब पडले. पुढे आनशुनजवळच्या एका गुहेत त्यांचा मुक्काम पडला. उरलेल्यांतल्या काही यांगत्झे नदीने, काही उत्तरेच्या डोंगरांतून सिचुआनला पोहोचल्या.

युद्ध संपले, पेट्या नानजिंगला परतल्या, आणि यादवीत पुन्हा हलल्या. १९४८च्या डिसेंबरपासून तीन जहाजांतून राजवाड्याच्या २,९७२ पेट्या तैवानला आल्या. तिसऱ्या ‘कुनलुन’ जहाजावर नौदलाच्या लोकांची बायकामुले आधीच चढून बसली होती. त्यांना उतरवायचे कुणी? म्हणून ठरलेल्या काही पेट्या मागेच राहिल्या. ज्या आल्या त्यांना ताइचुंगमध्ये पहिला आसरा मिळाला तो साखर कारखान्याच्या गोदामात. सम्राटांचे वैभव आणि उसाचा वास ही जोडी मराठी वाचकाला नगर-कोल्हापुरात चटकन डोळ्यांपुढे आणता येईल.

नंतर पेट्या ताइचुंगजवळच्या बेइगोउच्या कोठारात गेल्या. फान क्वान या चित्रकाराचे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे डोंगराचे चित्र त्यांत होते. उंची दोन मीटरहून जास्त. वर आभाळ अडवणारा कडा, खाली मुंगीएवढी खेचरे. संग्रहालयाचे अभ्यासक ली लिनत्सान यांनी १९५८मध्ये त्याचा कोपरान् कोपरा तपासला आणि खेचरांच्या मागच्या झाडीत, पानांच्या रेषांत, दोन अक्षरे सापडली: फान क्वान. कड्यापुढे आपले नाव एवढेसेच असावे, असे चित्रकाराला वाटले असेल काय? मूळ चित्र क्वचितच भिंतीवर लागते, एरवी अंधारात विसावते. त्यामुळे मोठ्या छायाचित्रावरच काठी टेकवून मार्गदर्शक ती जागा दाखवतात, आणि एकदा दिसली की नजर तिथून हलत नाही.

रू नावाच्या चिनी मातीच्या भांड्यांपाशी मात्र फारसे कुणी थांबत नाही. बाराव्या शतकाच्या आसपास हेनानमध्ये घडलेली ही भांडी जगात शंभरसुद्धा उरलेली नाहीत. त्यांतली २१ इथे आहेत. एका लांबट कुंडीवर रूच्या झिलईत हमखास दिसणारी तड कुठेच नाही, नुसता पावसानंतरच्या आभाळाचा रंग. तिच्या बुडावर चिएनलुंग सम्राटाने स्वतःची कविता कोरून घेतली. कुत्र्याला खाऊ घालायचे भांडे म्हणून तिची जी आख्यायिका होती, तिचाही त्यात उल्लेख आहे! सगळ्या संग्रहालयात एकच वस्तू निवडायची झाली, तर ती हीच.

याच सम्राटाला ‘हेंदुसितान’च्या, म्हणजे हिंदुस्थानच्या, जेडचे वेड होते. कागदासारखी पातळ, फुलापानांची नक्षी असलेली मुघल भांडी मध्य आशियातून त्याच्या दरबारी येत, आणि ही फक्त पाण्याने घासून घडवली जातात असा त्याचा समज होता. हिंदुस्थान नेमका कुठे आहे, यावर १७६८मध्ये त्याने लेखही लिहिला. तेव्हा पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते. या जेडसाठी च्यायीला, २०१५मध्ये उघडलेल्या दक्षिण शाखेत, चौकशी करावी. जाण्याआधी एवढे मात्र पाहून घ्यावे: कोबीही अधूनमधून तिकडेच मुक्कामाला जातो.