व्हिसा नको, पण कागद हवा!

"नेपाळला काय हो, व्हिसा लागत नाही. उठायचं आणि जायचं!" असं कोणी म्हणालं की मला वर्गातली ती मुलं आठवतात, जी प्रश्न अर्धाच वाचून उत्तर लिहायला घ्यायची. व्हिसा लागत नाही हे खरंच. 1950 सालच्या भारत-नेपाळ करारापासून दोन्हीकडच्या लोकांना येण्याजाण्याची मोकळीक आहे. पण व्हिसा न लागणं वेगळं आणि कागद न लागणं वेगळं. आमच्या नात्यातला एक चाळिशीतला गृहस्थ नुसतं आधार कार्ड घेऊन विमानतळावर गेला आणि काउंटरवरूनच परत आला. बायको-मुलं आत, हा बाहेर! तिकिटाचे पैसे गेले ते निराळेच.

तर नियम नीट सांगते. विमानाने नेपाळला जायचं तर मुदतीत असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक हवंच. आधार चालतं ते फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या माणसांना. 2019 च्या जानेवारीत गृहमंत्रालयाने तसा खुलासा केला होता. 15 ते 18 या वयातल्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं. माझ्यासारख्या जुन्या शिक्षिकेला हे वाचून फार बरं वाटलं. मुख्याध्यापकांच्या सहीला सरहद्दीवर अजून किंमत आहे म्हणायची!

हे सगळं मी शोधलं ते आमच्या आक्कासाठी. आक्का माझी थोरली बहीण. तिचा मुलगा सातासमुद्रापार. नातीच्या बारशाला जायचं म्हणून तिने हौसेने पासपोर्ट काढला, मुंबईला खिडकीसमोर उभी राहिली, आणि व्हिसा नाकारला गेला. पुढे दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. कारण कोणी धड सांगितलं नाही. "विधवा बाई, परत येईल कशावरून, असं वाटलं असेल त्यांना," एवढंच ती म्हणाली. पासपोर्टची मुदत संपली, तो तिने पुन्हा केला नाही. परदेश हा विषयच घरात बंद झाला.

2024 मध्ये तीच नात कॉलेजच्या सुट्टीत आली. तिला काठमांडू बघायचं होतं. "आजी, तू पण चल," म्हणाली. आक्काने नेहमीचं उत्तर दिलं, "माझा पासपोर्ट कुठाय?" मी म्हटलं, "आक्का, तुझं मतदानाचं कार्ड काढ." तिचा विश्वासच बसेना. ते कार्ड दर निवडणुकीला बाहेर यायचं आणि पुन्हा साड्यांच्या घडीखाली जायचं. त्यावर कोणी देशाबाहेर जाऊ देतं?

काठमांडूच्या विमानतळावर गंमत झाली. मी आणि आक्का कार्ड दाखवून पुढे आलो. नात मात्र व्हिसाच्या रांगेत! तिचा पासपोर्ट परदेशी, त्यामुळे अर्ज भरा, 15 दिवसांचे 30 डॉलर भरा, मग शिक्का. आक्का पलीकडे पिशवी सांभाळत उभी. थोड्या वेळाने तिकडूनच तिने हाक दिली, "घाबरू नकोस गं बाळा, मिळेल हो व्हिसा!"

मी हसले खरी, पण डोळे भरून आले.

असो. आता कामाच्या गोष्टी. तिकिटावरचं नाव कार्डावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे बायकांचं एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं, हा घोळ घरोघरी असतो. आक्काचं तिकीट कार्ड समोर ठेवूनच काढलं. पैशांचं म्हणाल तर भारतीय 100 रुपये म्हणजे नेपाळी 160. मोठ्या भारतीय नोटांचे नियम तिथे अनेकदा बदलले आहेत, म्हणून 100 च्या नोटा न्याव्यात. मार्च 2024 पासून काही दुकानांत यूपीआय चालतं, पण त्यावर विसंबू नका. आपलं सिमकार्ड रोमिंगशिवाय तिथे मुकं होतं. घड्याळ 15 मिनिटं पुढे करा. मुक्तिनाथला जाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं, उंची सुमारे 3,700 मीटर आहे. आम्ही पशुपतिनाथावरच समाधान मानलं. सोनौली किंवा रक्सौलकडून स्वतःची गाडी नेणार असाल तर सरहद्दीवर गाडीचा परवाना काढावा लागतो. तिकडे जकातीला 'भन्सार' म्हणतात.

भूतानलाही व्हिसा नाही, पण प्रवेशाचा परवाना लागतो, आणि भारतीयांना 2022 पासून माणशी दर रात्री 1,200 रुपये शुल्क आहे. दोघं, पाच रात्री, म्हणजे 12,000. राहणं-जेवण वेगळं! तिथे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच न्या. थायलंड, मलेशियाच्या सवलती मुदतीच्या असतात. तिथे पासपोर्टच हवा, तोही निदान सहा महिने शिल्लक असलेला. तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या वकिलातीचा ताजा नियम बघावा. शेजाऱ्याच्या मेहुण्याचा अनुभव तीन वर्षांपूर्वीचा असतो!

नातेवाईक मंडळींना एक विनंती. पुढच्या सणाला जमाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे कागद एकदा काढून बघा. नाव, जन्मतारीख, फोटो. चूक असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. जायचं ठरल्यावर वेळ नसतो. आणि "तुम्हाला झेपेल का?" हे विचारण्याआधी "तुम्हाला यायचंय का?" एवढं विचारा.

काही अडलं तर मला फोन करा. दुपारी एक ते चार सोडून!