फाटकावरचा दिवा

आमच्या घरीं गेले सहा महिने एक आगगाडी धांवत आहे. ती माडीवरच्या खोलींत, आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा फळीवर वाटोळी फिरते, आणि तिच्या डब्यांत मुंगीशिवाय दुसरा उतारू बसल्याचें आम्हांस माहीत नाहीं. आमचा पुतण्या अमेरिकेंत असतो. त्यानें मागच्या दिवाळींत आमचा नातू चि. निनाद याजसाठीं ती आणिली. तिचें प्रमाण ८७ स १, म्हणजे खऱ्या गाडीचे ८७ फूट तेथें एका फुटांत बसतात. अशा लहानग्या गाड्यांची ज्यांस आवड आहे त्यांनीं पुण्यास कोथरुडांत १९९८ सालीं उघडलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहिलेंच असेल. निनादास हें वेड लागलें तें तेथेंच.

गाडी झाली, रूळ झाले, स्टेशन झालें. मग रुळांवरून आडवा जाणारा रस्ता आला, आणि रस्ता आला म्हणजे फाटक आलें. आपल्याकडे फाटक म्हटलें कीं निशाण हातीं घेतलेला फाटकवाला डोळ्यांपुढें उभा राहतो. अमेरिकेंत बहुतेक ठिकाणीं असा मनुष्य नसतो. येणारी गाडी आपली वर्दी आपणच देते. खांबावरचे दोन तांबडे दिवे आळीपाळीनें, प्रत्येक दिवा मिनिटास ३५ ते ६५ वेळां, लुकलुकूं लागतात, घंटा वाजते, आणि पुष्कळ ठिकाणीं आडवा दांडाही खालीं येतो. वेगानें येणाऱ्या गाडीपूर्वीं निदान २० सेकंद तरी हा इशारा मिळाला पाहिजे, असा तेथील दंडक आहे. तासीं ६० मैलांनीं येणारी गाडी तेवढ्या वेळांत १,७६० फूट अंतर तोडते. आमच्या प्रमाणांत तें २० फुटांहून अधिक भरलें, आणि आमच्या रुळांचा सबंध फेराच मुळीं अठरा फुटांचा! त्या हिशेबानें आमचे दिवे कधीं विझलेच नसते. शेवटीं गाडीचा वेग तासीं १५ मैल धरून पांच फुटांवर तडजोड झाली.

पहिली रचना आमची. इंजिनाच्या पोटाशीं लहानसें लोहचुंबक चिकटविलें, आणि रुळांमध्यें अशी कळ बसविली कीं वरून लोहचुंबक जातांच तिचीं दोन टोकें जुळावीं, प्रवाह सुरू व्हावा आणि दिवे लागावे. दिवे लागले, मुलांनीं टाळ्या पिटल्या. चवथ्या दिवशीं गाडी आली, दिवे काळेच राहिले, आणि फाटकांत उभी असलेली पत्र्याची बैलगाडी उडून थेट आमच्या चहाच्या पेल्यांत पडली. फळीखालीं पाहतों तों कथलाचा जोड सुटून एक तार लोंबत होती.

"आजोबा, तार तुटली हें दिव्याला कसें कळणार?" निनादानें विचारलें.

"दिव्याला काय कळतें? तार आपण तपासावयाची," आम्ही कांहींसें चिडूनच म्हणालों.

"आणि आपण तपासलीच नाहीं तर?"

ह्या प्रश्नानें आमच्याहून फार शहाण्या मनुष्यासही एकदां अडविलें होतें, हें मागाहून वाचनांत आलें. विल्यम रॉबिन्सन ह्या गृहस्थानें १८७० सालीं पेन्सिल्व्हेनियांतील किन्झुआ येथें, गाडीच्या येण्यानें आपोआप चालणारा सिग्नल बसविला. त्याचीही रचना आमच्यासारखीच होती. गाडी आली म्हणजे प्रवाह सुरू व्हावा. परंतु तार तुटली अथवा बॅटरी संपली, तर गाडी समोर असूनही सिग्नल 'मार्ग मोकळा' असेंच सांगणार! तेव्हां रॉबिन्सननें आपली रचना आपणच उलटी केली, आणि १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. रुळांतून प्रवाह अखंड वाहत ठेवावयाचा, आणि त्या प्रवाहानेंच सिग्नल 'निर्धोक' स्थितींत धरून ठेवावयाचा. गाडी आली कीं तिचीं चाकें आणि आंस दोन्ही रुळांस जोडून प्रवाहास मधल्यामधें वाट देतात. पलीकडचें लोहचुंबक ढिलें पडतें आणि इशारा होतो. तार तुटली तरी तेंच होतें, बॅटरी संपली तरी तेंच. फाटकाचा दांडाही तेथें वीज गेल्यास आपल्या वजनानें खालीं येतो.

आमच्या रुळांतून इंजिनाचाच प्रवाह जात असल्यानें आम्हीं दुसरी युक्ति केली. उजेड पडला असतां वीज वाहूं देणारे, तुरीच्या डाळीएवढे आठ डोळे रुळांच्या मधोमध वीत-वीत अंतरानें बसविले आणि एकाच तारेंत ओंवले. गाडीनें त्यांतील एक जरी झांकला तरी प्रवाह क्षीण होतो, दांडा खालीं येतो, आणि वेगळ्या बॅटरीवरचे तांबडे दिवे लुकलुकूं लागतात. पहिल्या रात्रीं निजतांना खोलींतला दिवा मालविला, तों अंधारालाच गाडी समजून आमचें फाटक उजाडेपर्यंत लुकलुकत राहिलें. सूनबाईनें सकाळीं तक्रार केली. निनाद मात्र खुशींत होता. "खोटें सांगितलें, पण गप्प नाहीं बसलें!" असें तो म्हणाला.

त्या शब्दांनीं आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली, आणि पुढच्या रात्रीं आमची झोंप उडाली.

आमच्या वहिनी चौऱ्यायशीं वर्षांच्या आहेत. त्या मागच्या खोलींत राहतात. त्यांच्या पलंगाशीं आम्हीं विजेच्या घंटेची कळ बसवून दिली होती, आणि "कांहीं लागलें तर वाजवा" असें सांगून आम्ही निश्चिंत झालों होतों. गेल्या आषाढांत त्या पहांटे न्हाणीघरांत घसरून पडल्या. कळ पलंगाशीं, वहिनी न्हाणीघरांत. पुढच्या घरांत आम्ही दहा माणसें चहा घेत होतों, वर्तमानपत्रें वाचीत होतों. घंटा वाजली नाहीं, अर्थात् सर्व ठीक आहे! दोन तासांनीं सूनबाई फुलें द्यावयास गेली तेव्हां कळलें. हाड मोडलें नाहीं, हें दैव. त्या दोन तासांविषयीं वहिनी एकच वाक्य बोलल्या: "तुमच्या कपबशा वाजत होत्या, त्या मला ऐकूं येत होत्या."

तुटलेली तार दिवा लावूं शकत नाहीं, आणि पडलेलें माणूस कळ दाबूं शकत नाहीं. आम्हीं वहिनींसाठीं जी सोय केली होती, ती बैलगाडी उडविणाऱ्या सोयीसारखीच होती.

वहिनी रोज सकाळीं सातच्या आंत पूजा करितात व घंटा वाजवितात. पन्नास वर्षें तो नाद आमच्या कानांवर पडत आला. ऐकला मात्र कोणींच नव्हता. आम्हीं ठरविलें कीं सातपर्यंत घंटा ऐकूं आली नाहीं, तर घरांतल्या कोणींही हातांतलें काम टाकून मागें जावयाचें. "मी काय तुमचें फाटक आहें?" असें म्हणून वहिनी प्रथम रागावल्या, पण नको म्हणाल्या नाहींत.

मागच्या एकादशीस सात वाजून गेले, घंटा नाहीं. "आजोबा!" म्हणून निनाद ओरडला आणि धांवत सुटला, मागोमाग आम्ही, सूनबाई, सारेंच घर. वहिनी देवापुढें उभ्या होत्या. एका हातांत घंटा, दुसऱ्या हातांत तिचा निखळलेला लोलक.

"भाऊजी, घंटा मोडली आहे, मी नव्हे," त्या म्हणाल्या.

"मोठी आजी, आमच्या फाटकाचेंही असेंच होतें," निनाद धापा टाकीत म्हणाला. "त्याचें कांहींही बिघडलें तरी तें हांक मारतें."

"मग आलांच आहांत, तर बसा," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशीं आम्हां सर्वांचा चहा वहिनींच्या खोलींत झाला. कपबशा पुढच्या घरांतून मागवाव्या लागल्या.