गुरुजी विद्यार्थी होतात तेव्हा

(द्वितीय वर्ष, कला)

शिक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिकवणारा माणूस उभा राहतो. शिकणारा उभा राहत नाही. ज्याचे शिकून झाले तो शिक्षक आणि ज्याचे व्हायचे आहे तो विद्यार्थी, अशी एक सरळ वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. आडात असेल तर पोहऱ्यात येणार, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आडात पाणी कोठून येते, याचा विचार पोहऱ्याने कधी केला आहे काय? मला तो करण्याची संधी सहावी-सातवीत मिळाली. त्या दोन वर्षांत, म्हणजे २०१७ ते २०१९ या काळात, आमचे गुरुजीच विद्यार्थी झाले होते. त्यांच्या अभ्यासातला एक विषय होता शैक्षणिक तंत्रविज्ञान. नाव ऐकूनच छाती दडपावी असा विषय! त्याने गुरुजींचे काय केले आणि त्यामुळे माझे काय झाले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन मुरमाड, पाऊस लहरी. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमध्ये संसार चढतात आणि अर्धे गाव ऊसतोडीला पश्चिमेकडे निघून जाते, ते पाडव्याच्या सुमारास परतते. आमच्या घरी आई-बाबांचा एक कोयता. उचल आधीच घेतलेली असल्याने न जाण्याचा प्रश्नच नसे. जिल्हा परिषदेच्या शाळेचा हजेरीपट तुम्ही पाहिला असता, तर त्यात दरवर्षी मधले चार-पाच महिने दुष्काळ पडल्यासारखे दिसले असते.

गुरुजी डी.एड. झालेले. नोकरीला सतरा-अठरा वर्षे झालेली. शिकवण्याविषयी त्यांची ख्याती अशी की त्यांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू जाई. फळ्यावरचे अक्षर मोत्यासारखे. प्रश्न विचारत ते बंदुकीच्या गोळीसारखा, आणि पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांचे उत्तर आले की पुढच्या प्रश्नाकडे वळत. मी खिडकीजवळ, मागे. मला उत्तर येत नसे असे नाही. पण माझे उत्तर मनात तयार होऊन ओठांपर्यंत येईस्तोवर वर्ग दोन प्रश्न पुढे गेलेला असे. वर्षातले चार महिने नसलेल्या मुलीने हात वर करावा तरी कोणत्या तोंडाने, असेही वाटे. गुरुजी वाईट नव्हते. ते शिकवत होते. आम्ही किती शिकत होतो हे पाहण्याची तऱ्हा मात्र त्यांना कोणी दाखवलेली नव्हती.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.एड.ला नाव घातले. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवले, म्हणून तर हे शक्य झाले. सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी संपर्कसत्राला जायचे, रात्री घरी अभ्यास करायचा. गावात हा मोठा थट्टेचा विषय झाला. माझी आजी म्हणाली, "पोरांना शिकवून शिकवून मास्तर सोता शिकलेलं इसरले असतील. म्हनून तर पुन्ना शाळंत घातलंय त्यांना."

आजी थट्टेत बोलली, पण तिच्या बोलण्यात थोडे तथ्य होते. काही गोष्टी गुरुजींना विसरायच्याच होत्या. त्यांची पहिली समजूत अशी की शैक्षणिक तंत्रविज्ञान म्हणजे यंत्रे. लोकवर्गणीतून शाळेत एक मोठा टीव्ही आला होता. त्यावर त्यांनी आम्हांला ज्वालामुखीची चित्रफीत दाखवली. आम्ही आ वासून पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "काय समजले?" एक मुलगा म्हणाला, "लई भारी होतं गुरुजी." याखेरीज एक अक्षरही कोणाला सांगता आले नाही. गुरुजी बराच वेळ गप्प बसले. पुढे त्यांनीच आम्हांला सांगितले की त्यांच्या पुस्तकात या शास्त्राची दोन अंगे दिली आहेत. एक हार्डवेअरचे, म्हणजे यंत्रसाधनांचे, दुसरे सॉफ्टवेअरचे. पण हे सॉफ्टवेअर म्हणजे संगणकातले नव्हे. मूल कसे शिकते हे जाणून पाठाची केलेली आखणी, ते हे सॉफ्टवेअर. "टीव्ही आला, पण आखणी आली नव्हती," असे ते म्हणाले. वर्गात मुलांसमोर असे बोलणारे गुरुजी आम्ही प्रथमच पाहत होतो.

त्याच सुमारास त्यांनी स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १९५३ साली हे गृहस्थ आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताच्या तासाला जाऊन बसले. त्यांना दिसले की ज्यांचे गणित झाले ती मुले कंटाळून बसली आहेत, ज्यांना येत नाही ती घाबरून बसली आहेत, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नाही. त्यातून त्यांनी शिकवण्याचे यंत्र बनवले आणि क्रमान्वित अध्ययनाचा विचार पुढे आला. आशयाचे अगदी लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर एक प्रश्न विचारायचा, उत्तर लगेच पडताळून पाहायचे आणि आपल्या गतीने पुढे जायचे, असे त्याचे स्वरूप.

गुरुजींजवळ यंत्र कुठले? त्यांनी गावातल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. कोऱ्या बाजूवर अपूर्णांकाचा एक लहानसा प्रश्न. उत्तर पुढच्या पत्रिकेच्या कोपऱ्यात. पहिल्या कार्डावर भाकरीचे दोन भाग, शेवटच्यावर भिन्न छेदांची बेरीज. एकेक पायरी एवढी लहान की पाय घसरूच नये. "चि. सौ. कां." च्या पाठीवर आम्ही लघुतम सामाईक विभाज्य शिकलो, असे म्हणायला हरकत नाही.

त्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली. तिला आत्याकडे ठेवले, आणि धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून मला आई-बाबांबरोबर तोडीला जावे लागले. मुली सहावी-सातवीत अशा एकदा ट्रकमध्ये चढल्या की पुन्हा शाळेत येतातच असे नाही. आमच्या वाडीत याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी गुरुजी घरी आले. बाबांना वाटले, समजूत घालायला आले. ते अवघडून उभे राहिले. गुरुजींनी त्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही. दोरीने बांधलेला कार्डांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "पोरी, याला वीज लागत नाही, रेंज लागत नाही. रोज पाच झाली तरी पुष्कळ." मग बाबांकडे वळून म्हणाले, "परीक्षेला पाठवा, दादा. एवढेच मागतो."

फडाकडेच्या कोपीत भाऊ निजला की मी पत्रिका काढत असे. चुकले तर चुकले. पाहायला कोणी नव्हते, हसायला कोणी नव्हते. उत्तर जुळले की आतून जो आनंद होई, तो मला वर्गात कधी झाला नव्हता. पाडव्यानंतर परतले तेव्हा पत्रिका धुळीने काळ्या झाल्या होत्या आणि अपूर्णांक मला येत होते. परीक्षेला बसले. सातवीत गेले. या वाक्यांत काही विशेष नाही असे तुम्हांला वाटेल; पण त्या वर्षी ट्रकमधून गेलेल्या आमच्या वाडीतल्या तीन मुलींपैकी सातवीच्या हजेरीपटावर मी एकटीच होते.

सातवीच्या वर्षी गुरुजींच्या अभ्यासात सूक्ष्म अध्यापन आले. पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ, मोजकेच विद्यार्थी, एकाच कौशल्याचा सराव, नंतर त्यावर चर्चा आणि तोच पाठ पुन्हा. केंद्रावर त्यांच्या पाठावर टिपण करणारी मंडळी वयाने त्यांच्याहून लहान. संगणकही त्यांनी शिकला तो त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून. एका बोटाने टंकलेखन करताना ते त्याला "सर" म्हणत, आणि तो बिचारा लाजून चूर होई. वर्गात त्यांनी आपला मोबाईल खिडकीत ठेवून स्वतःचे तास ध्वनिमुद्रित करण्यास सुरुवात केली. रात्री ते ऐकत.

एके दिवशी वर्गात येऊन त्यांनी खडू उचललाच नाही. म्हणाले, "मुलांनो, मी काल माझाच तास ऐकला. मी प्रश्न विचारतो आणि मीच उत्तर देऊन टाकतो. थांबतच नाही." मग त्यांनी मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचे नाव सांगितले. तिने असंख्य तास ध्वनिमुद्रित करून ऐकले, तेव्हा तिला आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर अधिक मुले बोलू लागतात, उत्तरे लांब होतात, विचार करून दिली जातात. फक्त तीन सेकंद! त्यासाठी ना उपग्रह लागतो, ना पडदा.

त्या दिवसापासून प्रश्न विचारला की गुरुजी हात पाठीमागे घेत आणि बोटांवर मोजत. सुरुवातीला ती शांतता आम्हांला सोसवेना. एकदा त्यांनी विचारले, "आपल्याकडे पाऊस कमी का?" पहिली रांग गप्प होती. गुरुजी थांबले. माझे उत्तर नेहमीप्रमाणे सावकाश वर येत होते, आणि या वेळी ते येईपर्यंत प्रश्न तेथेच होता. मी उभी राहिले. म्हणाले, "गुरुजी, आम्ही तोडीला जातो तिकडं नद्या भरलेल्या असत्यात. त्याच्या म्होरं डोंगर दिसत्यात. ढग तिथंच मोकळे होत असतील. आपल्याकडं येस्तोवर रिकामे."

गुरुजींनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : पर्जन्यछायेचा प्रदेश. आणि म्हणाले, "हे पुस्तकात आहे. पण ही ते पाहून आली आहे." ज्या ट्रकची मला वर्गात लाज वाटे, त्याच ट्रकमधून मी भूगोल पाहून आले होते. हजेरीपटातले रिकामे महिने अगदीच रिकामे नव्हते, हे मला त्या दिवशी समजले.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. शाळेच्या भिंतीवर एडगर डेल यांच्या अनुभवशंकूचा तक्ता होता : वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस टक्के, स्वतः केलेले नव्वद टक्के वगैरे. गुरुजींनीच तो हौसेने रंगवला होता. अभ्यास करताना त्यांना कळले की डेल यांनी १९४६ साली शंकू मांडला हे खरे, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती मागाहून कोणीतरी चिकटवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुलावर चढून तक्ता उतरवला, टक्क्यांवर पांढरा कागद डकवला आणि पुन्हा टांगला. गुरुजींचे ज्ञान वाढले म्हणजे काय झाले, असे मला कोणी विचारले तर मी त्या पांढऱ्या कागदाकडे बोट दाखवीन.

आपल्या देशाला शिक्षणातील यंत्रांचे आकर्षण फार जुने आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवण्यात आले होते. २०१७ मध्ये 'दीक्षा' आली, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो या कोडच्या कामासाठी प्रामुख्याने ओळखला जातो. आणि त्यांनी पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. यंत्राच्या मागे माणूस केवढा असावा लागतो, हे त्यावरून दिसते.

२०२०च्या टाळेबंदीत शाळांना कुलूप लागले तेव्हा आमच्या गुरुजींची खरी परीक्षा झाली. सर्वत्र मोबाईलवर तास सुरू करण्याची घाई चालली होती. गुरुजी तोंडाला रुमाल बांधून घरोघर फिरले आणि वहीत लिहून घेतले : फोन कोणाकडे, कसला, दिवसा घरात असतो की बापाबरोबर रानात जातो? बहुतेक फोन रानातच जात. मग फोन संध्याकाळी घरी येईल तेव्हा ऐकता येतील अशा पाच मिनिटांच्या ध्वनिफिती आणि फोन नसलेल्या घरांसाठी पुन्हा त्याच लग्नपत्रिका! माझा भाऊ तेव्हा त्यांच्या वर्गात होता. पत्रिकांच्या मागे सोडवलेली त्याची गणिते मी तपासत असे.

गुरुजी बी.एड. झाले ते दुसऱ्या वर्गात. पगारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पेढे मात्र त्यांनी आम्हां सर्वांना वाटले आणि म्हणाले, "तुम्ही माझे प्रात्यक्षिकाचे विद्यार्थी. गुण तुमचेही आहेत."

आज मी या महाविद्यालयात आहे. आमच्या घरात या पायरीवर चढलेली मी पहिलीच. वर्गात शंभरावर मुले असतात, अभ्यासक्रम मोठा आणि वेळ थोडा, हे मला दिसते. तरीही आमच्या प्राध्यापकांना एक विनंती करावीशी वाटते. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा. मागच्या बाकावर कोणीतरी दूरच्या वाटेने उत्तर घेऊन येत असेल. आणि मागे बसणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, प्राध्यापक थांबले तर ती शांतता आपल्यासाठीच आहे, असे समजून उभे राहा.