मॉनिटर

गेल्या वेळच्या अमेरिका-मुक्कामाबद्दल लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. नायगारा, न्यूयॉर्क वगैरे काही पाहिलं नाही, त्यामुळे प्रवासवर्णनाची अपेक्षा असणाऱ्यांनी इथेच थांबलेलं बरं. मी सहा महिने एका घोरपडीसमोर बसून काढले.

२०२३ च्या मार्चमध्ये मी डॅलसजवळ मुलाकडे गेले. 'हे' जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मुलाचा आग्रह होता. नातू तेराव्यात पाऊल टाकत होता. त्या वर्षीच दुसऱ्या राज्यातून ते तिकडे राहायला आले होते, शाळा नवीन, मित्र नाहीत. पूर्वी फोनवर अखंड बडबड करणारा मुलगा एकाएकी "हो", "नाही", "फाइन" एवढ्यावर आला होता. वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर म्हणाला, "मॉनिटर." मला वाटलं, कॉम्प्युटरचा असेल. आणि आमच्या पिढीला मॉनिटर म्हणजे फळ्यावर दंगेखोरांची नावं लिहिणारा वर्गाचा मॉनिटर! घरी आली ती काचेच्या पेटीतून वीतभर लांबीची घोरपड.

ही आपल्याकडची घोरपड नव्हे. सव्हाना मॉनिटर म्हणतात हिला, मूळची आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातली. घाना, टोगो, बेनिन या देशांतून ही पिल्लं अमेरिकेत विकायला येतात. आपल्याकडे घोरपड पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, ती पहिल्या अनुसूचीत येते, वाघाच्या पंगतीत. तिकडे दुकानात मिळते. हे मला पटलं नाही आणि अजूनही पटलेलं नाही. हजारो मैलांवरचं बिळातलं पोर उचलून एखाद्याच्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवायचं, हा कसला छंद? फ्लोरिडात लोकांनी सोडून दिलेल्या किंवा निसटलेल्या नाईल मॉनिटर जातीच्या घोरपडी कालव्यांच्या काठी वाढल्या आणि शेवटी २०२१ मध्ये त्या राज्याने ती जात पाळण्यावर बंदी आणली. हे सगळं मी मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, "आई, आता आणलंय. आफ्रिकेत परत कुरिअर करू का?"

घोरपडीशी माझं नातं म्हणाल तर ऐकीव. आम्ही तळकोकणातले. गणपतीच्या आरतीला घुमट वाजायचं, त्याच्या तोंडाला घोरपडीचं कातडं ताणून बसवलेलं असे. (आता बोकडाचं लावतात. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला.) सांध्यांना घोरपडीचं तेल चोळणारे म्हातारे पाहिलेत. आणि इतिहास शिकवताना दर वर्षी सिंहगड चढवलाच. १६७० सालची ती रात्र आणि यशवंती. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा इतिहासकार मानत नाहीत, हे मीही मुलांना सांगत असे, पण सांगितल्यावर वर्गाचे चेहरे असे काही पडत की पुढच्या वर्षी मी ते वाक्य जरा हळू आवाजात म्हणायची. तर मी नातवाला म्हटलं, हिचं नाव यशवंती ठेव. तो म्हणाला, "आजी, इतक्या लहानपणी ही आहे की हा, ते कळत नाही." म्हणून नुसतं 'यश' ठेवलं. दोन्हीकडे चालतं.

पहिल्या दिवशी यशने जे रूप दाखवलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. नातवाने वरून हात घातला मात्र, त्या वीतभर जिवाने अंग फुगवलं, गळा फुगवला आणि कुकरची शिट्टी होण्याआधी जी वाफ सुटते तसा आवाज काढला. शेपूट चाबकासारखी आपटली. नातू घाबरला नाही, त्याने पकडायला बघितलं आणि बोट चावून घेतलं. चार थेंब रक्त आलं. सूनबाई म्हणाली, "उद्याच्या उद्या परत." नातू काही बोलला नाही, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. रात्री जेवायला आला तेव्हा डोळे सुजलेले होते, म्हणून मीच मध्ये पडले. म्हटलं, डॉक्टरांना तरी दाखवू या.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे वेगळे डॉक्टर असतात तिकडे. त्या बाईंनी जे सांगितलं ते नातवाने मला मराठीत करून सांगितलं. तिने अगदी थोडं सांगितलं होतं, ह्याने मात्र अर्धा तास घेतला, कित्येक महिन्यांनी इतकं बोलला. पिल्लाला वरून येणारा हात म्हणजे ससाणा. रानात त्याला सगळेच खायला टपलेले, म्हणून ते आधी फुसकारतं, मग शेपूट, मग दात, आणि काहीच चाललं नाही तर घाण करतं किंवा मेल्याचं सोंग घेतं. हा राग नव्हे, भीती. तेव्हा निदान दोन आठवडे हात लावायचा नाही. खाऊ चिमट्याने. तुम्ही रोज त्याला दिसेल असे बसा, पण त्याच्याकडे जाऊ नका. त्यालाच येऊ द्या. आणि अंगात घातलेला एक जुना टी-शर्ट पेटीत ठेवा, वासाची सवय होते. घोरपड जीभ बाहेर काढते ती वास घ्यायला.

शिवाय घर चुकलेलं होतं. दुकानदाराने दिलेल्या पेटीत लाकडाचा भुसा होता. ह्या प्राण्याला खोल माती लागते, बीळ खणता येईल अशी ओलसर. एका टोकाला दिव्याखाली तापलेला दगड पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसचा, दुसरं टोक गार. मुलाने दोन शनिवार-रविवार खपून मोठी लाकडी पेटी केली, माती-वाळू कालवून भरली. नातू मदतीला होता. बापलेक कितीतरी दिवसांनी एकत्र काहीतरी करताना दिसले. यश पेटीत गेला आणि पहिल्याच तासात मातीत गडप झाला.

आता गंमत अशी की नातू दिवसभर शाळेत, मुलगा-सून कामावर. घरात मी आणि बिळातला तो. तेव्हा 'दिसेल असं बसायचं' काम आपसूक माझ्याकडे आलं. सकाळी चहाचा कप घेऊन बसायची. विणकाम, वर्तमानपत्र, कधी मोठ्याने वाचन. त्याला ते ऐकू जातं, डोळ्यामागे कानाचं भोक स्पष्ट दिसतं, पण तो ऐकत असे असा माझा दावा नाही. मलाच घरात आवाज हवा होता. 'हे' असताना मी रोज त्यांना अग्रलेख वाचून दाखवायची, चष्मा असून ते डोळे मिटून ऐकायचे. ती सवय मोडली नव्हती.

नवव्या दिवशी बिळाच्या तोंडाशी नाक दिसलं. मी सुई थांबवली. नाक आत गेलं. दुसऱ्या दिवशी नाक आणि डोळे. मग एकदा दगडावर येऊन अंग पसरून पडला, आणि मी शिंकले तशी माती उडवत आत. असे कितीतरी दिवस गेले. खाणं म्हणजे जिवंत रातकिडे, झुरळं आणि गोगलगायी. उंदीर घातले तर लठ्ठ होऊन आजारी पडतो म्हणे. किड्यांना आधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचं, आपण बांगडा रव्यात घोळवतो तसं. मालवणी हाताला ते जमलं. नंतर साबणाने हात स्वच्छ धुवायचे, याबाबत सून फार कडक. सहाव्या आठवड्यात यशने माझ्या लांब चिमट्यातला किडा घेतला, न फुसकारता.

आणि मग मी घोळ केला. मे महिन्यातली गोष्ट. फोन वाजत होता, हातात पाण्याचं भांडं होतं, समोरच्या दाराने ठेवायचं सोडून घाईत वरचं झाकण उघडून ठेवायला गेले. सावली पडली. मनगटावर सपकन शेपूट बसली आणि तो दिसेनासा झाला. पुढचे बारा दिवस माझ्यासमोर बाहेर आला नाही. नातवाने चिडून काही बोलावं असं मला वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, "इट्स ओके आजी, तो विसरेल." पण माझ्या जिवाला जे लागलं त्याचा घोरपडीशी फारसा संबंध नव्हता.

१९७९ सालची गोष्ट. पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. त्यात एक मुलगा मामाकडे राहायला आलेला. बाकाजवळून कुणी गेलं की दोन्ही हात डोक्यावर घ्यायचा. मारलं नाही तरी. वर्ग हसायचा. मला तो माझा अपमान वाटायचा, जणू मी राक्षसीण आहे! एकदा तपासणीच्या दिवशी त्याने साहेबांसमोर तसंच केलं आणि बाकाखाली शिरला. साहेब गेल्यावर मी त्याला दंडाला धरून ओढून बाहेर काढलं. तो माझ्या हाताला चावला. मी मारलं. चांगलंच मारलं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी दोनदा चौकशी केली, मग परीक्षा आल्या. हजेरीपटावर लाल शाईने रेघ मारली, तीही मीच.

एवढी वर्षं ही गोष्ट मी यांनाही सांगितली नव्हती. त्या बारा दिवसांत कधीतरी नातवाला सांगितली. तो गप्प ऐकत होता. मग विचारलं, "हिज नेम?" मला नाव आठवत होतं. "मग तू नंतर सॉरी म्हणालीस?" म्हटलं, नाही रे, कुठे गेला कळलंच नाही. "शोधलंस?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुळकायदा विचारला असता तर सांगितला असता.

यश पुढे बाहेर आला. जुलैत नातू पेटीच्या दारात हात आडवा, तळवा वर करून ठेवून बसायचा, तासतासभर, हात अवघडून जाई. एका दुपारी यश आला, जीभ लपलपत बोटं चाचपली, आणि नखं रोवत कोपरापर्यंत चढून तिथेच बसला. नखांचे ओरखडे उठले. नातवाने त्याला धरलं नाही. माझ्याकडे फक्त मान वळवून पाहिलं. एवढा मोठा आनंद आणि तोंडातून आवाज काढायची सोय नाही!

ह्याला मराठीत आपण माणसाळणं म्हणतो. मला तो शब्द इथे जड वाटतो. यश काही माणसाळला नाही, त्याला आमचा लळा लागला असंही मी म्हणणार नाही, कुत्र्यामांजराची गोष्ट वेगळी. आमच्यापासून धोका नाही एवढा हिशेब त्याने केला. रुळला म्हणू या. वाढून तो हातभर लांब होईल तेव्हा, नातू कॉलेजला जाईल तेव्हा कोण बघणार, हा प्रश्न आहेच. ही घोरपड दहा-बारा वर्षं जगते. मुलगा म्हणतो, बघू. हे 'बघू' मला ठाऊक आहे, त्याच्या वडिलांकडून आलंय.

ऑगस्टअखेर मी परतले. आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांकडे त्या मुलाची विचारपूस केली. आता तो मुलगा कसला, पन्नाशी उलटलेला गृहस्थ. चार जणांना विचारल्यावर पाचव्याने नंबर दिला. जिल्ह्यातच आहे, माझ्या घरापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर, त्याचं सायकल-मोटारसायकलचं दुकान आहे. नंबर लिहिलेला कागद टेलिफोनच्या वहीत घातलाय. दोनदा फिरवला आणि पलीकडे वाजण्याआधी ठेवला.

नातू दर रविवारी व्हिडिओवर भेटतो. पहिला प्रश्न ठरलेला, "केलास फोन?" मी म्हणते, अजून नाही. "ओके," म्हणतो, आणि कॅमेरा पेटीकडे वळवतो. परवा यश दगडावर पसरला होता, दोन फूट झालाय आता, आणि खाली अंथरलेलं होतं ते माझं जुनं पातळ. फाडून तुकडा केलाय मेल्यांनी.