मुगाच्या गावी

गेल्या ऑक्टोबरात लेकीला कॉलेज दाखवायला इथाकाला नेलं. बारावीतल्या मुलांच्या आईबापांना ही वारी नवी नाही. न्यू जर्सीहून पहाटे निघायचं, बिंगहॅम्प्टनला कॉफी घ्यायची आणि मग लहान रस्त्यांनी डोंगर चढत-उतरत कायुगा सरोवराशी पोचायचं. चारेक तासांचा रस्ता. मागच्या सीटवर सौ.नी बांधून दिलेले पराठे. सगळं रीतसर चाललं होतं. बिंगहॅम्प्टनला मी कॉफीचा पहिला घोट घेतला आणि कन्यारत्न म्हणालं, "बाबा, मला इंजिनिअरिंग नाही करायचं. मला साउंड शिकायचंय. म्युझिक."

आमच्याकडे आजोबा ओव्हरसियर, वडील इंजिनिअर, मी इंजिनिअर. पुण्याहून दोन सूटकेसा घेऊन मास्टर्स करायला आलो त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी मूग गिळून गप्प बसलो. पुढचा तासभर गाडीत फक्त रस्ता सांगणारी बाई बोलत होती.

मूग हा शब्द उगाच नाही वापरला. इथाकाहून 96 नंबरच्या रस्त्याने दहा-अकरा मैल वायव्येला गेलं की ट्रुमन्सबर्ग नावाचं खेडं लागतं. रॉबर्ट मूग यांचा सिंथेसायझरचा कारखाना इथे होता, 1963 ते 1971. आडनावाचा त्यांना आवडणारा उच्चार 'मोग' असा आहे, पण आपल्या जिभेला मूगच सोपं. 1964 साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर त्यांनी इथे पहिला नमुना जुळवला आणि 1970 साली मिनीमूग नावाचं सुटसुटीत यंत्र इथूनच बाहेर पडलं. या मूगसाहेबांची पीएच.डी. 1965 ची, कॉर्नेलची आणि इंजिनिअरिंग फिजिक्समधली. हा मुद्दा मी कॉलेजच्या टूरमध्ये लेकीला दोनदा ऐकवला. तिने दोन्ही वेळा "हो बाबा" म्हटलं.

ट्रुमन्सबर्गजवळ माझ्या पहिल्या नोकरीतले एक वरिष्ठ राहतात, आता निवृत्त. "आलाच आहात तर चहाला या," म्हणाले. वाटेत टॉगॅनॉकचा धबधबा आहे. 215 फुटांची एकच उडी, म्हणजे नायगाऱ्याहूनही उंच. पावसाळा बरा झाला नसावा, पाणी बेताचंच होतं. पाच मिनिटांत निघालो.

यजमानांचं तळघर म्हणजे त्यांचा स्टुडिओ. लाकडी जिना उतरलो आणि समोरच एक करडं मांजर सिंथेसायझरवर आडवं पसरलेलं. दुसरं, काळं, अँप्लिफायरवर. काळं मांजर समोर आलं की माझ्या पायांना अजून ब्रेक लागतो; इतक्या वर्षांच्या अमेरिकेने तेवढं काही गेलं नाही. लेक मात्र सरळ जमिनीवर बसली.

"यांना संगीत आवडतं का?" मी विचारलं.

"छे! ट्रान्सफॉर्मर आवडतो," यजमान हसले.

मग त्यांनी दाखवलं. जुन्या यंत्रांचा पॉवर सप्लाय जड ट्रान्सफॉर्मरचा, बरीच वीज उष्णतेतच जाते. मांजराच्या अंगाचं तापमान 38 अंशांच्या पुढे, आणि त्याला सुखाची हवा लागते ती 30 अंशांच्या वरची. थंडीतल्या तळघरात तशी ऊब देणारी जागा यंत्राच्या पाठीवरच. नव्या यंत्रांवर मांजरं फिरकत नाहीत, ती गार असतात. केस पट्ट्यांच्या फटीतून आत जातात, खालच्या संपर्कांवर बसतात आणि एखादा सूर मुका होतो. म्हणून ब्रश, व्हॅक्यूम आणि अल्कोहोलची बाटली कायम हाताशी. शेजारी एक रिकामं खोकंही ठेवलं होतं, मांजराने तिकडे जावं म्हणून. ते कधीमधी जातं म्हणे.

ते करडं मांजर ज्यावर पसरलं होतं, तो मिनीमूगच होता. 1983 साली यामाहाचं डिजिटल डीएक्स-7 आलं आणि लोकांनी जुनी यंत्रं मिळेल त्या भावाने काढली, तेव्हा घेतलेला. यजमानांनी तीन ऑसिलेटर चालू केले, एक सूर धरला आणि बटणं हळूहळू फिरवत जुळवू लागले. मांजर जागचं हललं नाही.

"आधी त्याला उठवा ना," मी म्हटलं.

"उठवलं तर यंत्र गार होईल, सूर परत सरकेल. मांजर धरूनच लावतो मी."

इथे मात्र माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. या यंत्रात एक व्होल्ट वाढला की कंपनसंख्या दुप्पट, म्हणजे सूर एक सप्तक वर. हे दुपटीचं गणित ट्रान्झिस्टर आपल्या स्वभावानेच करतो, पण त्याचा तो स्वभाव तापमानावर अवलंबून. भरपाईची सोय केली नाही तर एका अंशाच्या फरकाने सप्तकामागे साधारण चार सेंटची चूक. शंभर सेंटचा एक अर्धस्वर. मी कागदावर मांडून दाखवलं. लेक वाकून बघत होती. आठवीनंतर माझं गणित तिने एवढ्या लक्षपूर्वक बघितलेलं आठवत नाही.

"म्हणजे तिघं कधीच अगदी सारखे नसतात," ती म्हणाली. "म्हणून तो आवाज असा हलतोय. बाबा, ऐक ना."

मी ऐकलं. तीन सूर जवळजवळ एक आणि त्यांच्यामध्ये एक संथ लाट. मला एकदम रमणबाग आठवली. 1990 नंतरची वर्षं, सवाई गंधर्व महोत्सव, डिसेंबरातली पुण्याची थंडी, वडिलांची अर्धी शाल माझ्या अंगावर. गायक येऊन बसले तरी तानपुरे लागतच असायचे. मी कंटाळून विचारायचो, हे घरून लावून का नाही आणत? वडील म्हणायचे, "इथली हवा घरी कुठे असते?" ते स्वतः पेटी बरी वाजवत. नोकरी लागल्यावर ती माळ्यावर गेली, ती खाली आली नाही. हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. तिथे सांगितलं.

"आजोबा पेटी वाजवायचे?" ती म्हणाली. "मग बंद का केली?"

ते मी कधी विचारलंच नव्हतं.

परतताना अंधार पडला. गाडी तिने चालवली. स्क्रँटनजवळ पराठे खाल्ले. फीचं, नोकरीचं बोलायला मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा आम्ही ट्रान्झिस्टरवरच घसरलो. असं काही विद्युत आणि संगीत दोन्ही मिळून शिकता येतं का, हे तिने विचारलं. बघू, असं मी म्हटलं. माझ्या काळ्या कोटावर करडे केस होते, ते मी एकेक वेचत होतो.

रात्री दार उघडताच सौ.नी विचारलं, "काय मग, ठरलं का?"

"मांजर आणूया म्हणतेय," मी सांगितलं.