किरकोळ दुरुस्ती

मोठ्या दुःखांना वाली पुष्कळ असतात. मृत्यू, वियोग, दारिद्र्य यांवर कवींनी काव्ये रचली, तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांत्वनाची वाक्ये तयार करून ठेवली. परंतु नहाणीघराच्या छतातून टपकणाऱ्या पाण्याने ज्याची झोप मोडली, अथवा कचेरीस निघतेवेळी ज्याच्या मोटारीने एक उसासा टाकून मौन धरले, त्याच्या समाचारास कोणी येत नाही. 'चालायचेच' असे म्हणून लोक आपापल्या वाटेने जातात. आणि त्यांनी तरी काय करावे? त्यांच्याही घरी कोठे ना कोठे काही तरी गळतच असते.

या उपेक्षित दुःखांची बाजू वाचकांपुढे मांडावी असा आमचा मानस आहे. आमचा अधिकार एवढाच की, ही दुःखे असू नयेत अशा हेतूने जे शहर मुद्दाम वसविले गेले, त्या नवी मुंबईत आम्ही गेली तीस वर्षे राहत आहो.

जुन्या शहरांस कोणी जाब विचारीत नाही. पुण्याच्या एखाद्या बोळात मोटार अडकली तर त्याचा दोष पेशव्यांस देता येत नाही. त्यांच्या काळी मोटार नव्हती. नवी मुंबईची गोष्ट निराळी. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनीवर शहर आखले गेले, आणि शाळा कोठे, बाजार कोठे, बाग कोठे हे माणसे येण्यापूर्वीच ठरले. मुंबईकराने घराजवळच काम करावे व पायी हिंडावे, असे ते स्वप्न होते. ते खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. त्याच स्वप्नावर विश्वास ठेवून आम्ही येथे आलो. मात्र त्याचे हप्ते मागेपुढे झाले. खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली झाला आणि मानखुर्दहून आगगाडी वाशीस पोचावयास १९९२ साल उजाडले. मधल्या एकोणीस वर्षांत जे येथे आले, त्यांतील पुष्कळांचे आयुष्य बसच्या रांगेत गेले; ज्यांस शक्य झाले त्यांनी स्कूटर घेतली, पुढे मोटार घेतली. शहरास लागलेली वाहनांची सवय मग सुटली नाही.

आता घरापासून आरंभ करू. घराचे पहिले दुःख म्हणजे पाणी. वाचकांस ठाऊक असेल की, या शहरातील बरीच भूमी खाडीच्या भरतीहून खालच्या पातळीवर आहे. म्हणून आखणारांनी जागोजागी मोठे धारण-तलाव खोदले व त्यांच्या मुखाशी झडपा बसविल्या. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि शहरात पडलेला पाऊस तलावात साठून राहतो. ओहोटी लागली की झडप उघडते आणि साठलेले पाणी खाडीत निघून जाते. समुद्राची अशी समजूत घालणारी ही युक्ती पाहून आम्हांस नेहमीच कौतुक वाटते. परंतु वरच्या मजल्यावरून आमच्या छतात उतरणाऱ्या पाण्यासाठी अशी झडप कोणी बसविलेली नाही.

वरच्या मजल्यावरील कुटुंबाशी आमचा दिवाळीच्या फराळाचा व्यवहार बावीस वर्षांचा. त्यांच्या चकल्या आमच्याकडे येत, आमचे अनारसे त्यांच्याकडे जात. तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या नहाणीघराच्या छतावर रुपयाएवढा ओलीचा डाग उमटला. पंधरवड्यात तो ताटाएवढा झाला, पोपडे सुटू लागले, आणि एके रात्री गिलाव्याचा एक तुकडा बादलीत पडला. प्लंबर आला. त्याने वर पाहिले, मान हलविली आणि निदान केले, "साहेब, वरच्यांचा नहाणी ट्रॅप गेलाय." वरच्यांनी त्यांचा प्लंबर आणला. त्याने त्यांच्या फरशीवर बोट ठोकले आणि सांगितले की, आमचा कोबा अगदी ठणठणीत आहे. दोन वैद्यांची मते विरुद्ध आली म्हणजे रोग्याचे जे होते तेच छताचे झाले. त्या वर्षी चकल्या आल्या नाहीत आणि अनारसे गेले नाहीत.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत या बाबतीत काम वाटून दिलेले आहे. बाहेरच्या भिंती, गच्ची व सामाईक नळ यांतून येणारी गळती संस्थेने थांबवावी. घरातल्या नहाणीची वा मोरीची गळती त्या त्या सभासदाने थांबवावी. वाटणी शहाणपणाची आहे, परंतु पाणी उपविधी वाचीत नाही. ते भिंतीच्या एका चिरेतून शिरते, सळईच्या कडेने चार हात चालत जाते आणि जेथे त्यास सोयीचे वाटेल तेथे प्रकट होते. आमच्या मंडळाच्या सभेत या डागावर तीन वेळा चर्चा झाली. डाग कोणाचा हे ठरेना. म्हणून तो सर्वांचा राहिला, म्हणजेच कोणाचाही राहिला नाही.

हा प्रश्न अखेर आमच्या मातुश्रींनी सोडविला. त्यांचे वय चौऱ्याऐंशी, शिक्षण मराठी सातवीपर्यंत. दसऱ्यानंतर एके सकाळी छताकडे पाहून त्या म्हणाल्या, "अरे, हा डाग वाळला की रे. वरची मंडळी दिवाळीत अंघोळ करीत नाहीत काय?" आम्ही सारे चकित झालो. वरच्या घरी पाच माणसे बारा महिने स्नान करीत होती आणि ओल मात्र पावसाबरोबर आली नि पावसाबरोबर गेली. तेव्हा पाणी नहाणीचे नव्हे, बाहेरच्या भिंतीचे! ही गोष्ट घेऊन आम्ही वरच्या घरी गेलो, आणि पुढील सभेस दोन्ही कुटुंबे एका बाकावर बसली. भिंत दुरुस्त व्हावयास आणखी एक पावसाळा गेला, पण फराळ त्याच वर्षी पुन्हा सुरू झाला.

गिलावा पडणे ही दिसावयास क्षुल्लक गोष्ट, पण तिच्या पोटात मोठे संकट असते. काँक्रीटमधील अल्कली पोलादाचे रक्षण करते. सळईवर एक पातळ कवच राहते, ते आहे तोवर गंज चढत नाही. खाडीच्या हवेतील क्षार आणि भिंतीत मुरलेले पाणी मिळून हे कवच मोडतात. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडाहून कित्येक पट जागा व्यापते. ती जागा मिळेना म्हणजे ते भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येते. या किनाऱ्यावर चार महिन्यांत नव्वद इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा वाहतो. तेव्हा आज चिरेत भरावयाच्या पसाभर सिमेंटाची जो टाळाटाळ करतो, तो उद्या साऱ्या इमारतीच्या खर्चास निमंत्रण देतो.

घरातून खाली उतरावे तो मोटार. आमची इमारत बांधली गेली त्या काळी मोटार ही डॉक्टरांनी व कारखानदारांनी बाळगावयाची वस्तू होती. म्हणून सोळा बिऱ्हाडांस मिळून चार मोटारींची जागा ठेवलेली आहे. आज मोटारी एकोणीस आहेत. उरलेल्या पंधरा रस्त्यावर झाडाखाली रात्र काढतात. आमचीही त्यांतच. पावसाळ्यात उबेच्या शोधार्थ उंदीर तिच्या टपाखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. मेकॅनिकच्या सल्ल्याने आम्ही तेथे तंबाखूची पाने ठेवली. पहिले काही दिवस बरे गेले. नंतर उंदरांस त्या पानांचे व्यसन जडले असावे, अशी आम्हांस दाट शंका आहे.

रस्त्याच्या खड्ड्यांविषयी आम्ही नवे काय सांगणार? डांबर आणि खडी यांचा संसार पाणी मोडते. एका बारीक भेगेतून पाणी खाली उतरते, वरून जाणारे प्रत्येक चाक त्यास दाबून खडीपासून डांबर सोडविते, आणि सकाळी जेथे भेग होती तेथे आठवड्याने खड्डा होतो. छतातील ओलीचे आणि या खड्ड्याचे गोत्र एकच. वेळेवर भरली असती तर घमेलेभर मालात भागणारी भेग पुढे शॉक अब्सॉर्बर, टायर आणि माणसाचा मणका यांचा बळी घेते.

तथापि मोटारीची दुःखे आम्ही फारशी मनावर घेत नाही. ज्यास मोटार आहे त्याने तिच्याविषयी फार रडू नये असा आमचा समज आहे. आमच्या मनास जे लागून राहिले आहे ते पायी चालणाऱ्याचे दुःख.

या शहरास दूरची ठिकाणे कशी जवळ आली ते पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो धावू लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. त्यांतील साडेसोळा किलोमीटर निव्वळ समुद्रावरून जातात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. या सर्व गोष्टींचा आम्हांस अभिमान आहे, आणि तो आम्ही पाहुण्यांपुढे मोठ्या चवीने मिरवितो. परंतु आमच्या दारापासून वाचनालय एक किलोमीटरही नाही, आणि तेथे जाणे मातुश्रींनी गेल्या वर्षी सोडून दिले.

त्यांनी ते एके दिवशी ठरवून सोडले नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पदपथ नव्याने बांधला गेला तो जुन्याहून उंच झाला. पदपथाची उंची पंधरा सेंटिमीटरांहून अधिक नसावी, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. येथे ती आमच्या पट्टीने एकतीस भरली. मातुश्रींचा गुडघा तेवढा वर उचलत नाही. म्हणून त्या रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. तेथे आमच्यासारख्यांच्या मोटारी उभ्या, म्हणून त्यांस रस्त्याच्या मध्याकडे सरकावे लागे. मग रिक्षा करून पाहिली. नाक्यावरचा रिक्षावाला म्हणाला, "आजी, एवढ्याशा अंतराला रिक्षा कशाला? चालत गेलात तरी पोचाल." भाडे नाकारणे हा कायद्याने गुन्हा आहे हे खरे. परंतु त्याचेही म्हणणे ऐकावे. तो रांगेत पाऊण तास उभा असतो. पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून सव्वीस रुपये आहे. तेवढे घेऊन तो आजींस पोचवितो, आणि परत येऊन रांगेच्या शेवटी उभा राहतो. त्याचे गणित आमच्या गणिताहून चुकीचे नाही.

अशा रीतीने वाचनालयाचे जाणे आठवड्यातून दोनदाचे एकदा झाले, मग महिन्यातून एकदा, मग 'पुढे पाहू'. तेथे भेटणाऱ्या दोघी मैत्रिणींची नावे घरात ऐकू येईनाशी झाली. पुस्तके आम्ही आणून देतो. पण पुस्तके हे निमित्त होते, हे घरात कोणास ठाऊक नाही? एकतीस सेंटिमीटरांनी एका माणसाचे जग चार भिंतींएवढे केले, आणि हे घडत असता कोणाही वृत्तपत्रास त्यात बातमी दिसली नसती.

याचा दोष कोणाकडे? आम्ही बराच विचार केला. शहराचे नकाशे ज्या प्रमाणावर काढतात त्यांत दहा हजारांस एक असे प्रमाण धरले, तर ही एकतीस सेंटिमीटरांची पायरी कागदावर मिलिमीटरचा सुमारे बत्तिसावा भाग भरते. पेन्सिलीचे टोकही याहून जाड असते. पूल नकाशावर दिसतो, मेट्रो दिसते, विमानतळ तर आकाशातूनही दिसतो. पायरी कोणासच दिसत नाही. ती ज्याच्या गुडघ्यास कळते त्याच्या हाती नकाशा नसतो. किरकोळ दुःखांचे मर्म आमच्या मते हेच आहे. ती लहान असतात म्हणून उपेक्षित राहतात असे नाही. ती दोन हद्दींच्या मधल्या सांध्यात राहतात. वरचा मजला आणि खालचा मजला, भिंत आणि नहाणी, पदपथ आणि रस्ता, रिक्षावाला आणि आजी, यांच्या सांध्यात. हद्दीच्या आत काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. सांधा भरण्याचे काम कोणाच्याही वाट्यास दिलेले नसते.

आमच्या इमारतीची बाहेरची भिंत दुरुस्त झाली त्या दिवशी गवंड्याच्या घमेल्यात थोडा माल उरला होता. त्याने मातुश्रींना फाटकाशी उभ्या असलेल्या पाहिले होते. कोणास न विचारता त्याने चार विटा पदपथाच्या कडेस लावल्या, उरलेला माल त्यावर ओढला आणि थापीने गुळगुळीत केला. पाऊण तासाचे काम. पैसे देऊ केले तर म्हणाला, "राहू द्या. माल फुकटच जाणार होता." ती पायरी कोणत्याही आराखड्यात नाही, आणि कदाचित ती नियमास धरूनही नसेल. पदपथ पुन्हा खोदला जाईल तेव्हा ती राहील याची खात्री आम्ही देत नाही. परंतु मातुश्री आता मंगळवारी व शुक्रवारी वाचनालयात जातात, आणि घरात त्या दोघी मैत्रिणींची नावे पुन्हा ऐकू येऊ लागली आहेत.

अशा एका पायरीने शहराचे प्रश्न सुटतात असे समजण्याइतके आम्ही भाबडे नाही. पंधरा सेंटिमीटरांचा नियम पाळला जावा, भेगा पावसापूर्वी भराव्यात, जवळच्या भाड्याची रिक्षावाल्यासही परवडेल अशी काही सोय व्हावी, ही कामे ज्यांची त्यांनी केलीच पाहिजेत, आणि त्यांजकडे अर्ज करावयास आम्ही कंटाळणार नाही. तोपर्यंत वाचकांस आमची एवढीच विनंती आहे की, पुढल्या वेळी आपल्या घरी गवंडी येईल तेव्हा त्याच्या घमेल्यात थोडा माल उरेल. तो टाकून देण्यापूर्वी एकवार फाटकाबाहेर नजर टाकावी.