वर्ग अचानक गप्प झाला

मी तिसरीच्या मुलांना शिकवते. फळ्यावर लिहिताना माझी पाठ वर्गाकडे असली, तरी कान मागेच असतात बरं का! नेहमीची कुजबुज चालू असली की मी निश्चिंत. गलका वाढला तर कुणालाही कळतं. पण वर्ग एकदम चिडीचूप झाला, की मी झटकन वळते.

अणुभट्टीजवळही असेच कान द्यावे लागतात. तिथली कुजबुज न्यूट्रॉनची. एक न्यूट्रॉन प्लुटोनियमच्या अणूचं केंद्रक फोडतो, त्यातून दोन-तीन नवे निघतात. काही निसटतात, काही शोषले जातात. दर फेरीला फोडणारे तेवढेच उरले, तर भट्टी एका चालीनं चालते. हा हिशेब जरा वर-खाली झाला, की रिॲक्टिव्हिटी बदलली म्हणायचं. द्रुत भट्टीत न्यूट्रॉनचा वेग मुद्दाम कमी करत नाहीत, म्हणून उष्णता वाहून न्यायला पाण्याऐवजी वितळलेला सोडियम वापरतात. आपल्याकडे कल्पाक्कमला अशी एक छोटी भट्टी १९८५ साली सुरू झाली.

फ्रान्समध्ये मार्कूल इथे 'फेनिक्स' नावाची द्रुत भट्टी होती. १९८९ मध्ये तीनदा आणि १९९० मध्ये पुन्हा एकदा तिची रिॲक्टिव्हिटी एकाएकी घसरली. पापणी लवायच्या आत! नियंत्रक दांडे आपोआप आत गेले, भट्टी बंद झाली. कुणाला इजा झाली नाही.

आधी वाटलं, मोजणारं यंत्रच बिघडलं असेल. मग वाटलं, सोडियममधून वायूचे बुडबुडे गेले असतील. पुढे आणखी एक तर्क निघाला. इंधनाच्या जुड्या कळी उमलावी तशा क्षणभर बाहेर फाकल्या असतील, आणि न्यूट्रॉनना निसटायला वाट मिळाली असेल. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं शोधत राहिले. २००९ साली फेनिक्सनं वीज देणं थांबवलं, तरी खात्रीचं कारण हाती लागलं नव्हतं.

हे वाचलं आणि मी खजील झाले. एकदा माझा वर्ग असाच गप्प झाला होता. वळून पाहते तर एक मुलगा जागा सोडून उभा. मी काही न विचारता त्याला तास संपेपर्यंत कोपऱ्यात उभं केलं. घंटा झाल्यावर पाहिलं, त्याच्या ओंजळीत चिमणी होती. पंख्याला धडकून पडलेली. एवढा वेळ त्यानं हात हलवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो लाजला. म्हणाला, "बाई, संध्याकाळी उडाली ती."